तिवया रिकाम्या ठेवू नयेत

मी, रत्नाबाई हैबतराव टेमघरे, वय बाहत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार कोळवण खोरे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नाही. गुडघे गेले आहेत आणि चार पायऱ्या चढले की दम लागतो, पण डोके जागेवर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी मागच्या ग्रामसभेत मी काय विचारले ते सरपंचांना विचारावे.

पौडच्या एका वकिलांनी मला टाइप केलेला मसुदा दिला होता. भाषा नीटनेटकी होती. फक्त घरामागच्या परसाच्या कलमात एक ओळ होती: ‘सून शीतल हिने पुनर्विवाह न केल्यास व ती याच घरात राहत असेपर्यंत.’ ही ओळ कोणी घालायला सांगितली, असे मी विचारले. ते म्हणाले, “बाई, सगळेच घालतात. तयारच असते ती.” सगळेच घेतात म्हणून हुंडा घेणाऱ्यांशी आणि सगळेच पितात म्हणून दारूचे दुकान मागणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडले. मसुदा तिथेच टेबलावर ठेवून आले. ती ओळ नसलेला कागद असावा, एवढ्यासाठी मी लिहायला बसले आहे. बाकीची कलमे ओघाने आली.

कलम पहिले. घर. हे घर व मागचे परस मी माझ्या पगारातून घेतले असून दोन्ही माझ्याच नावावर आहेत. भातखाचरे वडिलोपार्जित, त्यांची वाटणी पूर्वीच झाली आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. घराच्या पुढच्या दोन खोल्या व ओटी थोरला मुलगा विलास याला. स्वयंपाकघर, मागची खोली आणि परसात उघडणारे दार धाकटी सून शीतल किशोर टेमघरे हिला. विलास सूसला सोसायटीत राहतो, त्याला इथल्या चुलीचा उपयोग नाही. ओटीचा मात्र आहे, कारण गिऱ्हाइकांना जमिनी दाखवून आणल्यावर तो त्यांना तिथेच चहा पाजतो. पाजू दे. पण या खोल्या विकायच्या झाल्यास त्याने आधी शीतलला विचारावे.

कलम दुसरे. घरामागचे परस, त्यातली विहीर, शेवग्याची व करंजाची झाडे आणि मधमाश्यांच्या सर्व पेट्या शीतलला, कायमच्या मालकीने. हे कलम लांबणार आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी सही पाहून उठावे.

किशोर, माझा धाकटा मुलगा, हिंजवडीतल्या एका कंपनीची बस चालवायचा. लोकांची ने-आण करून आल्यावर त्याला कोणाशी बोलायला नको असे. तो परसात जाऊन बसायचा. लग्नानंतर त्याने आणि शीतलने मधमाशीपालनाचे शिक्षण घेतले आणि वसंताच्या तोंडावर, शेवगा फुललेला असताना, दोन रिकाम्या पेट्या आणून मांडल्या. कातकरवाडीच्या देवूने ओढ्याकाठच्या आंब्याच्या ढोलीतली वसाहत दाखवली. देवू आणि किशोर दोघे मिळून ती काढत होते आणि शीतल खाली चौकटी धरून उभी होती. पोळी चौकटींना केळीच्या सोपटाने बांधली, राणी आत गेली आणि तिच्यामागे बाकीच्या रांगेने गेल्या.

मी विरोध केला होता. अपेक्षा, माझी नात, तेव्हा रांगत होती. मी बरेच बोलले. किशोरने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “आई, एका पेटीत एकच राणी असती. आपल्या घरातबी एकच हाय. तिला माइक लागतो, एवढाच फरक.” देवू तिथेच होता. तो म्हणाला, “बाई बोलाया लागल्या का माश्याबी गप बसत्यात.”

दुसऱ्या पेटीत त्यांनी तशीच आणखी एक वसाहत आणली, आणि पुढच्या वसंतात दोन्ही विभागून दोनाच्या चार पेट्या केल्या. प्रत्येक पेटी लाकडी तिवईवर, तिवईचे पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. किशोरने मला एक नियम शिकवला होता, तो इथे लिहिणे भाग आहे. पेटी दिवसा हलवायची नाही. घराच्या एका अंगाची दुसऱ्या अंगाला तर कधीच नाही. सकाळी चरायला गेलेली माशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते. पेटी गोठ्यामागे नेली, तरी ती जुन्या जागेवरच परत येते आणि तिथेच घिरट्या घालत राहते. हलवायचीच असेल तर दिवस मावळल्यावर, सगळ्या आत आल्यावर दार बंद करून, आणि इतक्या लांब न्यायची की तिला परतीची कोणतीच खूण सापडू नये.

दोन वर्षांपूर्वी माघात, पहाटपाळी संपवून मोटारसायकलवरून घरी येताना किशोर खडीच्या डंपरखाली गेला. त्याच डंपरांविरुद्ध मी त्याच रस्त्यावर बायकांना घेऊन आडवी बसले होते, त्या वेळी किशोर शाळेत होता आणि आम्हाला पाणी आणून देत होता.

दशक्रियेला नदीच्या घाटावर नेहमीप्रमाणे पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणे झाली. ज्यांचे डंपर आहेत तेही रस्ता सुरक्षेवर बोलले. मग निवेदकाने माझे नाव घेतले आणि माइक माझ्या हातात दिला. मी तो धरून उभी राहिले. कावळा शिवायचा होता, लोक वाट बघत होते. माइक मी परत दिला.

तेराव्याला परसात मांडव घालायचे ठरले. पंगत बसायची, त्यात पेट्या मध्ये येत होत्या. विलासला वाटले, पाहुण्यांना माश्या चावतील, शीतलला आणखी बोल लागेल. त्याने ऊन चढल्यावर दोन माणसे लावून चारही पेट्या उचलल्या आणि गोठ्यामागे नेऊन नीट सावलीत ठेवल्या. तिवया इथेच राहिल्या, त्यांवर पाण्याची पिंपे ठेवली. मला आणि शीतलला कोणी विचारले नाही. आम्ही आत होतो. तिला रिवाजाप्रमाणे कोपऱ्यात बसवले होते आणि बायका येऊन गळ्यात पडून जात होत्या.

पहिली पंगत बसली आणि माश्या घरी यायला लागल्या. जिथे पेट्या होत्या तिथे मांडवाचे वासे होते, म्हणून त्या वाशांनाच लटकल्या, पिंपांवर बसल्या, पाण्यात पडल्या. लोक पत्रावळी सोडून उठले. कोणीतरी गोवऱ्या पेटवून धूर केला, कोणीतरी खराट्याने झोडपायला लागले.

आत बसलेल्या शीतलने मान वर केली. इतक्या दिवसांत तिने कोणाकडे बघितले नव्हते. ती म्हणाली, “आत्या, पेट्या जाग्यावर न्हाईत.” ती मला आत्या म्हणते. मी तिला बस म्हटले. ती म्हणाली, “त्या घरी आल्यात अन् घरच न्हाई तितं.” आणि उठली.

पदर खोचून ती बाहेर पुरुषांच्या पंगतीत गेली. माझी नणंद चंद्राबाई दारात उभी होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, “नवऱ्याचं तेरावं हाय, अन् हिला माश्यांचं पडलंय.” काही पुरुष वाटेत उभे राहिले, हटेनात. मी मागोमाग आले होते. घाटावर जे जमले नाही ते तिथे जमले. “वाट द्या तिला,” एवढेच मी म्हणाले. माझ्या सगळ्या भाषणांत हे सर्वांत छोटे. लोकांनी वाट दिली.

तिने आणि देवूने पिंपे उतरवली, पेट्या आणून तिवयांवर ठेवल्या. वाशांवरच्या माश्या हळूहळू आत गेल्या. सगळ्या नाही गेल्या. जमीन काळी झाली होती. विलास सुपली घेऊन मेलेल्या माश्या गोळा करत होता. भरलेली सुपली घेऊन तो शीतलसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “ह्या परत आत ठेवल्या तर?” तिने त्याच्या हातातली सुपली घेतली आणि करंजाखाली रिकामी केली. मग तिथेच मांडी घालून बसली आणि तेव्हा रडली. त्याआधी ती रडली नव्हती, हे चंद्राबाईलाही माहीत आहे.

एक पेटी त्या उन्हाळ्यात संपली. तिची तिवई शीतलने उचलली नाही. रोज तिच्या वाट्यांत पाणी घालते. बाकीच्या तीन पेट्यांच्या तिने पुढच्या वसंतात सहा केल्या, आणि या वर्षी आणखी वाढवल्या. जांभळीला आता फुलोरा येईल. संध्याकाळी पेट्यांतून येणारा आवाज माझ्या खाटेपर्यंत ऐकू येतो.

आता मूळ मुद्दा. बावधनला रोपवाटिका चालवणारा विकास म्हणून एक गृहस्थ आहे. बायको वारली, मूल नाही. गेले वर्षभर मध न्यायला येतो, आणि एवढा मध एका माणसाला लागत नाही. अपेक्षाला तो रोपांची नावे शिकवतो, ती त्याला चुका काढून दाखवते. दिवाळीनंतर त्याने माणूस पाठवून शीतलला रीतसर मागणी घातली. शीतलने नकार दिला. देवूची बायको लिलाबाई परसात शेण गोळा करत होती, तिने का म्हणून विचारले, ते मी खिडकीतून ऐकले. शीतल म्हणाली, “माझं मन हाय ग. पण आत्याकडं कोण बघंल? अन् परस माझं हितं ऱ्हायलं तरच हाय. पोरीला काय देऊ मग?”

म्हणजे ती ओळ वकिलाने लिहिण्याआधीच हिच्या मनात लिहिलेली होती. मी ती कधी म्हणाले नव्हते, कोणीच म्हणाले नव्हते.

त्या संध्याकाळी मी तिला सांगायचे ठरवले. स्त्रीच्या हक्कांवर मी या तालुक्यातल्या बहुतेक गावांत बोलले आहे. चुलीपाशी तिच्यासमोर बसले, आणि तोंडातून निघाले ते, “भात निवतोय.” ती म्हणाली, “वाढते.” ती गेली की या घरात संध्याकाळी कोणी येणार नाही, हे त्या भातासोबत गिळावे लागले. अजून पुरते गिळले गेलेले नाही. म्हणून लिहिते.

शीतलने पुनर्विवाह करावा किंवा करू नये. इथे राहावे किंवा राहू नये. माझ्या हयातीत जावे, मागे बघू नये. परस, विहीर, पेट्या आणि तिच्या वाट्याचे घर कोणत्याही परिस्थितीत तिचेच राहील, व तिच्या पश्चात अपेक्षाचे. अपेक्षा कुठेही वाढली, कोणाचेही नाव लावले, तरी या घराची नात आहे. या कलमाला कोणी कोर्टात आव्हान दिल्यास त्याने हे सगळे न्यायाधीशांसमोर मोठ्याने वाचून दाखवावे, तेराव्यासह.

कलम तिसरे. देवू व लिलाबाई यांना त्यांनी निवडलेल्या दोन भरल्या पेट्या, शीतलने काढून द्याव्यात. कातकरवाडीहून ओढ्याकडे जाणारी पायवाट परसाच्या कडेने जाते. आजूबाजूच्या फार्महाऊसवाल्यांनी तारा ओढून बाकीच्या वाटा बंद केल्या आहेत. ही वाट परसाच्या कोणत्याही मालकाने कधीही बंद करू नये.

कलम चौथे. पुस्तके गावच्या वाचनालयाला. कपाटाला कुलूप लावायचे असेल तर देऊ नयेत.

कलम पाचवे. विलासला, वर लिहिलेल्याखेरीज, ती सुपली. ती दाराच्या मागे खुंटीला आहे. हा टोमणा नाही. बाळा, तू भावासाठी आणि भावजयीसाठी जे केलेस ते चांगल्यासाठीच केलेस, आणि त्यानंतर तुला या परसात पाय ठेवताना मी पाहिलेले नाही. ये. कोणी तुला काही म्हणणार नाही.

चंद्राबाईंना माझी जांभळी इरकल. त्यांना ती आवडायची, आणि त्या दिवशी बोलल्या तशा त्या मनाने वाईट नाहीत. पण दिलेली आहे म्हणून ती नेसून माझ्या दहाव्याला सगळ्यांना सांगत बसू नये.

कलम सहावे. माझ्या दशक्रियेला एकही भाषण नको. ज्याला बोलल्याशिवाय राहवत नसेल त्याने डंपरच्या रस्त्यावर जाऊन बोलावे. तेराव्याचा मांडव पुढच्या अंगणात घालावा. जागा पुरली नाही तर लोकांनी उभ्याने जेवावे.

कलम सातवे, शेवटचे. शीतल, बावधनला पेट्या नेशील तेव्हा दिवस मावळू दे. दारांना जाळी लाव, टेम्पो सावकाश चालवायला सांग. तिथे पहिले काही दिवस दारासमोर पाल्याची फांदी ठेव, म्हणजे बाहेर पडताना त्या नवी जागा नीट बघून घेतील. हे तुला माहीत आहे. किशोरने मला शिकवलेले कोणाला तरी सांगावे, म्हणून लिहिले.

आणि तिवया मागे ठेवू नकोस, ती चौथीसुद्धा. तिच्या वाट्यांत पाणी घालणे आता पुरे. किशोरची पाळी सुटायच्या वेळेला मी रोज खाटेवरून फाटकाकडे बघते, मोटारसायकल जिथे लावायचा तिथे फरशीवर तेलाचा डाग अजून आहे. मी म्हातारी आहे, मला चालते. पण एखादी माशी मागे राहिलीच, तर दुसऱ्या दिवशी तिला इथे तिवई दिसू नये. जागा मोकळी दिसली म्हणजे ती थोडी फिरेल आणि दुसऱ्या कोणाच्या पेटीत जाईल. किशोर म्हणायचा, मध घेऊन आलेलीला त्या आत घेतात.

हे मृत्युपत्र वाचून, समजून मी त्यावर दोन साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांपैकी कोणालाही यात काही मिळत नाही, चहा सोडून. तो शीतलने केला, आणि आम्ही काय लिहितोय ते तिने विचारले नाही.

सही: रत्नाबाई हैबतराव टेमघरे

साक्षीदार:
१. शुभांगी कैलास उभे, ग्रंथपाल, गाव वाचनालय
२. कोंडिबा सखाराम फाले, शेती

ठिकाण: कोळवण खोरे, ता. मुळशी, घराच्या मागच्या दारात
दिनांक: ९ मार्च २०२५, फाल्गुन शुद्ध दशमी