वेलीतली अक्षरं

उस्तानी मगफुरा यांना, कोकंदहून हसियतचा सलाम.

तुमच्या घरच्या शाळेत मला घालताना माझ्या वडिलांनी अट घातली होती, आठवतं? "वाचायला शिकवा, भरतकाम शिकवा. लिहायला मात्र नको. पोरगी लिहायला लागली की चिठ्ठ्या पाठवत सुटते." तुम्ही शब्द दिलात आणि पाळलातही. बाकीच्या पोरी बोरू धरायच्या, तेव्हा मी खिडकीशी टाके घालत बसायचे. तुमचा फार राग यायचा. अजून येतो.

सासरी मार खाल्ला, पण माहेरी दोन ओळी कळवता आल्या नाहीत. मूल नाही म्हणून आता नवरा दुसरी आणतोय. तिच्या खोलीत टांगायचा पडदा भरायचं काम सासूबाईंनी माझ्याच गळ्यात मारलं. "कूस नसली म्हणून काय झालं, हात तर चांगलाय तुझा!"

वाचता येणारी अक्षरं सुईनं काढून पाहिली. जमली. हे अख्खं पत्र पडद्यावरच्या डाळिंबांच्या वेलबुट्टीत भरलंय. मुल्लांनी तुमची शाळा बंद पाडली. तुम्ही कुठे गेलात कोण जाणे. हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही. सासूबाई खूश आहेत. "वेल झकास उतरलीय गं!"

त्यांना वाचता येत नाही. नवी सून मात्र अशाच एका शाळेत वाचायला शिकलीय म्हणे.

घरातलं सुख संपू नये म्हणून पडद्याचा एक कोपरा अर्धा सोडायची आपली रीत. मी तो पुरा भरला. तिथे माझं नाव आहे.

तुमची,
हसियत