बत्तिस्ताच्या गाडीतले तिघे

लुईनो, बुधवार, ९ ऑक्टोबर २०१९

चि. इवानो यास,

तू पाठवलेले पुस्तक महिन्याभरापूर्वी पोचले. वेष्टण भिजले होते, आतली पाने कोरडी आहेत. इकडे सर्व ठीक. गुडघा जिना चढू देत नाही, एवढे सोडल्यास प्रकृतीची तक्रार नाही. यंदा चेस्टनट किडके निघाले. सूनबाईंच्या हाताचे प्लास्टर निघाले का, ते कळवावे.

आता पुस्तकाविषयी. पान सत्तेचाळीसवर तू लिहितोस: ‘१९८६च्या फेब्रुवारीत, ऐन कार्निव्हलात, बत्तिस्ता पोर्रिनी नावाचा यंत्रचालक दारूच्या धुंदीत तीन बुजगावणी गाडीत बसवून गावच्या शेकोटीसाठी घेऊन निघाला आणि उतारावरून खाली कोसळला. बाबा त्या संध्याकाळी सूप पिताना हा किस्सा सांगून हसत होते. पुढे शेकोटीला त्याची विधवादेखील आली आणि सर्वांबरोबर हसली. असे होते हे लोक.’

चार वाक्ये. त्यांतले शेवटचे सोडून एकही खरे नाही, आणि शेवटचे खरे आहे ते तुला अभिप्रेत असलेल्या अर्थाने नाही. वर्ष चुकीचे, महिना चुकीचा, दारू नव्हती, शेकोटीचा संबंध नव्हता, आणि मी त्या संध्याकाळी घरी नव्हतो. शिवाय ‘हे लोक’ म्हणजे कोण? मी एकतीस वर्षे रोज सकाळी सीमा ओलांडून पलीकडच्या देशात कामाला गेलो आणि रोज संध्याकाळी परत आलो. तू एकदाच ओलांडलीस आणि तिकडचा झालास. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. परंतु ज्या गाडीतून जाऊन केलेल्या नोकरीवर तुझ्या शाळेची पुस्तके आली, त्या गाडीतल्या माणसांविषयी लिहिताना बोट दाखवल्यासारखी सर्वनामे वापरू नयेत.

भाषेविषयी फार लिहीत नाही. आयुष्यभर मी छापखान्यात मुद्रिते तपासली. तुझ्या पुस्तकाच्या समासात लाल शाई संपली. तुझ्या लांब वाक्यांत कर्ता इकडे राहतो, क्रियापद तिकडे नोकरीला जाते, आणि संध्याकाळी दोघांची गाठ पडत नाही. तेही मी सहन केले असते.

तुला गाडी आठवते, हिरवी फियाट. तिची रीत मात्र तुला ठाऊक नाही, असे दिसते. आम्ही चौघे होतो: बत्तिस्ता, रेमिजिओ, चेस्को आणि मी. ज्याचा आठवडा, त्याने गाडी चालवायची. ज्याचा आठवडा, त्याचा शब्द अखेरचा. पहाटे चौकातल्या कारंज्यापाशी इंजिन तापेपर्यंतच गाडी थांबे; जो आला नाही तो राहिला. एकदा चेस्को दाढीचा साबण गालावर ठेवून धावत आला होता आणि नाक्यावरच्या शिपायाने त्याला ‘केक’ असे नाव ठेवले होते. नाका लहान होता. शिपाई गाड्या ओळखत. सकाळी आत गेलेली गाडी संध्याकाळी बाहेर पडली की गाडीतली माणसे घरी गेली, असे तो मानी. पाऊस असला की तो खोपटातून बाहेरही येत नसे, काचेतूनच हात हलवी.

हे घरी जाणे ही आमची मर्जी नव्हती. कामाच्या परवान्यावर तशी अटच होती. तिकडे राबावे, तिकडे झोपू नये. अपघाताच्या आदल्या वसंतात जुळणी विभागातला एक माणूस बहिणीच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला गेला, उशीर झाला, तिथेच सोफ्यावर निजला. कुणीतरी कळवले. महिन्याभरात त्याचा परवाना गेला. यानंतर आमच्या खोऱ्यात एक गोष्ट न सांगता ठरली: एखादीचा नवरा रात्री परतला नाही, तर ती ते तोंडातून काढत नसे. सख्ख्या बहिणीपाशीदेखील नाही.

त्या जानेवारीत जो बर्फ पडला तो तुला खेळण्यापुरता आठवत असेल. मंगळवारी दुपारी छापखान्याचे फाटक बर्फ उपसल्याशिवाय उघडेना. फोरमन येऊन म्हणाला, “झोपा इथेच, कागदाच्या गठ्ठ्यांवर. मी काही पाहिलं नाही.”

“आणि गाडी?” चेस्कोने विचारले. “ती बाहेर गेली नाही तर नाक्यावाला उद्या विचारील.”

“गाडीचं मी कसं सांगू?” असे म्हणून फोरमन निघून गेला. भला माणूस होता. भलेपणाची त्याची हद्द तिथे संपत होती.

आठवडा बत्तिस्ताचा होता. त्याने खिडकीची काच पुसून बाहेरचा रस्ता पाहिला. मग म्हणाला, “मी नेतो. तुम्ही निजा.”

रेमिजिओ म्हणाला, “वेडा झालास का? मागची चाकं बर्फात नुसती जागेवर फिरतील.”

“म्हणून तर गठ्ठे घालतो. तुमच्यापेक्षा वजनाला बरे, आणि वाटेत घोरत नाहीत.”

“आणि शिपायाने आत डोकावलं तर? एकटा दिसशील.”

बत्तिस्ता हसला. “एकटा कशाला? चौघे जाऊ. द्या तुमचे कोट.”

तू ज्यांना बुजगावणी म्हणतोस, ती अशी तयार झाली. रद्दी कागदाचे तीन गठ्ठे, सुतळीने आवळलेले. मागच्या बाकावर रेमिजिओचा कोट आणि चेस्कोची लोकरी टोपी. आम्ही हसलो, हे खरे. चेस्को म्हणाला, “माझा गठ्ठा माझ्याहून देखणा झालाय, बायकोला दाखवू नकोस.” बत्तिस्ता वर्कशॉपमधल्या नळाचे पाणी प्यायला, दुसरे काही नाही. दारू त्या इमारतीत नव्हतीच. मालक कडवा प्रोटेस्टंट होता, दारू वर्ज्य मानणारा.

मी म्हणालो, चौघेही जाऊ, किंवा चौघेही राहू. तो म्हणाला, “ओलिंदो, आठवडा माझा आहे.” रीत तीच होती. 

नाक्यावर शिपायाने काचेतून हात हलवला. हे मला पुढे त्या शिपायाकडूनच कळले. त्याने चार माणसे मोजली होती, असे तो शपथेवर सांगत असे. म्हणजे युक्ती साधली होती. सीमा ओलांडून झाली होती. गाडी घसरली ती आपल्या बाजूला, दुसऱ्या वळणावर, जिथून गावातले दिवे दिसतात.

बुधवारी सकाळी माणसांनी तिला बर्फातून उकरले. आत मेलेला बत्तिस्ता आणि कोट-टोप्या घातलेले तीन गठ्ठे. महिन्याअखेरीस आपण हिवाळ्याला निरोप म्हणून चौकात म्हातारीची बाहुली जाळतो. तेव्हा लोकांनी स्वतःच अर्थ लावला. पोर्रिनी पिऊन शेकोटीसाठी बाहुल्या आणत होता, म्हणे. कुणीतरी पहिल्यांदा म्हटले आणि दुपारपर्यंत ते सर्वांनी पाहिल्यासारखे झाले.

आम्ही तिघे त्याच दिवशी नाका चुकवून डोंगरातल्या जुन्या वाटेने पायी उतरलो. घरी आलो तेव्हा तू दारात बर्फाचा किल्ला करीत होतास. आदल्या संध्याकाळी तुझ्या आईने तुला सांगितले होते की बाबा दमून वर निजले आहेत, दंगा करू नकोस. तुझे ‘सूप पिताना हसणारे बाबा’ त्या वाक्यातून जन्मले असावेत. आठ वर्षांच्या मुलाला मी दोष देत नाही. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला देतो. तुझ्यापाशी माझा दूरध्वनी क्रमांक आहे. तुला पुस्तकासाठी नगरपालिकेतून छायाचित्रे मिळाली, सीमेपलीकडे राबणाऱ्यांच्या संघटनेकडून निधी मिळाला; बापाला एक प्रश्न विचारायला वेळ मिळाला नाही.

मी तसाच बत्तिस्ताच्या घरी, एर्सिलियावहिनीकडे गेलो. स्वयंपाकघरात बायका जमल्या होत्या. तिने सर्वांना बाहेर काढले आणि दार लावले. मी सगळे सांगितले आणि म्हणालो, “मी आत्ता चौकात जाऊन बोलतो.”

तिने विचारले, “बोललात तर तुमच्या परवान्यांचं काय होईल?”

“जातील.”

“तिघांचेही?”

“तिघांचेही.”

तिने चुलीत एक लाकूड सरकवले. मग म्हणाली, “मग तो कशाला गेला होता? पिऊन होता म्हणताहेत ना, म्हणू देत. तुम्ही उद्या कामावर जा. आणि माझ्यासमोर रडू नका, भावजी, मला अजून त्याचा शर्ट इस्त्री करायचाय.”

आम्ही कामावर गेलो.

शेकोटीविषयी. ती आली, हे बरोबर लिहिलेस. ती येणार नाही, अशी सर्वांची खात्री होती, आणि ती आली नसती तर लोकांनी कारणे शोधली असती. म्हणून आली. पहिले लाकूड तिने टाकले. कुणीतरी ओरडले, “एर्सिलिया, तुझ्या नवऱ्याची बाहुली असती तर जास्त जळली असती.” लोक हसले. ती हसली नाही. मी तिच्या शेजारी उभा होतो. तिचे दात एकमेकांवर आवळलेले होते. तुला लांबून ते हसू वाटले.

परवान्यातली अट पुढे रद्द झाली, तेव्हा मी पुन्हा तिच्याकडे गेलो. ती म्हणाली, “रेमिजिओ आणि चेस्को अजून जातात. त्यांना निवृत्त होऊ द्या.” ते निवृत्त झाले, मग वारले. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हणाली, “आता कोण विचारणार आहे? कुणी विचारलं तर सांगा.” कुणी विचारले नाही.

मागल्या आठवड्यात शेजारच्या मुलीने तिला तुझे सत्तेचाळिसावे पान वाचून दाखवले. कौतुकाने, काकूंच्या नवऱ्याचे नाव छापून आले म्हणून. एर्सिलियावहिनी आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, डॉक्टरांनी तिला नाताळापलीकडचे काही सांगितलेले नाही. तिने मला बोलावून घेतले. तक्रार केली नाही. एवढेच विचारले, “हे पुस्तक ग्रंथालयात ठेवतात ना? मी गेल्यावर मग हेच राहायचं का?”

इवानो, मी हे सारे टाळून केवळ तारखा कळवणार होतो. तुझ्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्त्या व्हाव्यात आणि विषय मिटावा, असा माझा बेत होता. पण एक गोष्ट राहिली आहे आणि तिच्यावाचून तारखांना अर्थ नाही. पुढच्या पानावर तू लिहितोस, ‘सर्वांत हास्यास्पद होते पुढच्या सीटवरचे ध्यान, त्याला फेल्ट हॅट होती.’ ती हॅट माझी. बत्तिस्ताने मागितली नव्हती. पुढच्या गठ्ठ्याला डोके नव्हते, म्हणून मी माझ्या हाताने ती त्याच्यावर ठेवली आणि कड नीट केली. बत्तिस्ता सबंध वाटभर त्या हॅटवाल्या माझ्या शेजारी बसून गेला, आणि मी तिकडे छापखान्यात उबेत निजलो होतो. मला त्या रात्री झोप लागली, हे तुला माहीत असावे.

संघटनेच्या जेवणात तू हे पान वाचून दाखवणार आहेस, असे आमंत्रणपत्रिकेवर छापले आहे. वहिनीला पहिल्या रांगेत खुर्ची दिली आहे. तिथे तू हे पत्र वाचावेस. न वाचलेस तर मी उभा राहून सांगेन. गुडघा तेवढा चालतो. तेव्हा लोक विचारतील की माझ्या मुलाने असे का लिहिले, आणि मला उत्तर देता येणार नाही. ती पाळी माझ्यावर आणू नकोस.

आता तारखा. पुस्तकात शुद्ध करून घ्याव्यात.

१५ जानेवारी १९८५, मंगळवार: बत्तिस्ता पोर्रिनीचा मृत्यू. (फेब्रुवारी १९८६ नव्हे. कार्निव्हल नव्हे. शुद्धीत.)

१६ जानेवारी १९८५, बुधवार: तुझ्या वडिलांचे घरी परतणे. (आदल्या संध्याकाळी नव्हे.)

१९ जानेवारी १९८५, शनिवार: दफनविधी. (पुस्तकात उल्लेखच नाही. माणसे थोडी आली.)

३१ जानेवारी १९८५, गुरुवार: शेकोटी. एर्सिलिया पोर्रिनी उपस्थित. हसली नाही.

१ जून २००२, शनिवार: रोज परतण्याची अट रद्द.

१० नोव्हेंबर २०१९, रविवार: संघटनेचे जेवण. या तारखेपुढे काय लिहायचे, ते मी तुझ्यासाठी कोरे सोडले आहे.

पत्राखाली आशीर्वाद लिहिण्याची माझी सवय तुला ठाऊक आहे. या वेळी तो लिहिलेला नाही, हे नजरचुकीने राहिले असे समजू नये.

ओलिंदो