किल्लीची उत्तरपूजा

कापेल आन डेन आयसेल, नेदरलँड्स,
२ नोव्हेंबर २०२०

ती. श्यामदादा,

साष्टांग नमस्कार. तू आणि वहिनी बरे असाल, आणि तू मास्क नाकाखाली न लावता नाकावर लावत असशील, असं धरून चालते. आम्ही तिघं ठीक. ईशानी दहाची झाली. मी मराठीत ओरडते, ती डचमध्ये उलट उत्तर देते, एकूण संसार चालू आहे. माझे ब्लाउज शिवायचे क्लासेस बंद पडलेत, कारण लग्नंच नाहीत कुणाची.

पत्र बघून दचकू नकोस. या घरात फोनवर शिंकलं तरी पलीकडच्या खोलीत ऐकू जातं, आणि प्रणव दिवसभर घरी असतो. पोस्टाने जायला किती दिवस लागतील देव जाणे, म्हणून फोटो काढून पाठवते आहे. वाचलंस की पुसून टाक.

आता मुद्दा. घरच्या घरी काडतुसं भरायची तर नवशिक्याने कोणतं सामान घ्यावं, असं प्रणवने तुला विचारलं. आणि तुझा सगळा जन्म पोरांना नेमबाजी शिकवण्यात गेलेला, तू सुटलासच! तीन व्हॉइस मेसेज. एका वेळी एकच काडतूस होईल असा साधा प्रेस घे, भराभर करणाऱ्या मशीनच्या नादी लागू नकोस, वजनकाटा चांगला घे, आधी पुस्तक वाच. भाजी चिरताचिरता सगळं ऐकलं मी. सल्ला चोख आहे, वादच नाही.

पण दादा, ती यादी परत घे. नवशिक्याने घरी हे करूच नये, असं सांग त्याला. माझं तो ऐकणार नाही, तुझं ऐकेल. पहिली रायफल त्याच्या हातात तूच दिलीस.

घर एवढंसं आहे. जेवायचं टेबल एकच. घरात पोर असताना बंदुकीची दारू कशाला आणायची?

हे सगळं खरंच आहे, पण कारण हे नाही. तीन ओळी लिहून खोडल्या. चौथी लिहिते.

प्रणवची नोकरी ऑगस्टअखेर गेली. तुझ्याशी बोलताना ‘काम जोरात चाललंय’ म्हणतो ना, ते खोटं. रोज नऊला इस्त्रीचा शर्ट घालून बंद लॅपटॉपसमोर बसतो. आमचं इथे राहायचं परमिट त्या नोकरीला बांधलेलं आहे. दुसरी शोधायला तीन महिने देतात, ते या महिनाअखेर संपतील. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय मला. आज मोडली.

गेल्या महिन्यात भांडी पुसतापुसता म्हणाला, “मी नसलो तर तुम्ही दोघी पुण्यात जास्त सुखात राहाल.” मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतोस! तो हसला. दुसऱ्या दिवशी फ्रीजवर एक कागद चिकटवलेला. सगळे पासवर्ड, सुवाच्य अक्षरात.

रायफल घरातच आहे, लोखंडी कपाटात. काडतुसं सप्टेंबरात संपली आणि आता त्याचा नेमबाजीचा क्लब बंद. बंदूक आहे पण गोळी नाही, एवढ्याच भरवशावर मी झोपते रे. आणि तू त्याला गोळी करायला शिकवतोयस! माझा तुझ्यावर इतका राग आहे की काय सांगू. तुला काय माहीत होतं म्हणा.

त्या कपाटाची किल्ली एकच. खंडेनवमीला आपण हत्यारं-अवजारं पुजतो, तेव्हा मी माझी कात्री, विळी, त्याचा लॅपटॉप पाटावर मांडला आणि ती किल्लीही मागून घेतली. दिली त्याने. दसऱ्याला अक्षता वाहून बाकी सगळं हलवलं. किल्लीची उत्तरपूजा मात्र मी केली नाही. उत्तरपूजेवाचून पुजलेली वस्तू उचलायची नाही, हे आईने आपल्याला हातावर चापट्या मारून शिकवलंय. आठ दिवस झाले, शेवंती वाळून खडखडीत झाली. देवाला वेठीला धरलंय मी. हा देवबिव न मानणारा माणूस एकदाही किल्ली मागत नाही. मला वाटायचं, विसरला असेल.

एवढं लिहून झालं होतं. तेवढ्यात ईशानी देवघरातली सुकलेली फुलं टाकायला निघाली. प्रणव तिला म्हणाला, “राहू दे, आईला विचार.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “निशी, उत्तरपूजा इतक्यात नको. आणि करशील तेव्हा किल्ली कुठे ठेवतेस ते मला सांगू नकोस.”

दादा, त्याला सगळं कळतंय. हात धरा म्हणतोय तो.

मी जवळ जाऊन बसले. मग आमच्या फॅमिली डॉक्टरांना फोन लावला, त्याच्यासमोरच. उद्या सकाळी नऊची वेळ दिलीय, दोघं जातोय. रायफल घेऊन जा म्हणून क्लबच्या सेक्रेटरींनाही कळवते आहे. परवाना जायचा तर जाऊ दे.

वर लिहिलेलं ‘पुसून टाक’ मी मागे घेते. पुसू नकोस. त्याला फोन कर, आजच. यादीचं काढूच नकोस. नोकरी गेली हे निशीने सांगितलं असं सरळ सांग, आणि त्याला बोलू दे. रडला तर रडू दे.

फोन वाजण्याची वाट बघत, किल्लीजवळ बसलेली,
तुझी निशिगंधा