रेडिओच्या कारखान्यात आवणीचं गाणं

बंगळूर,
नारळी पौर्णिमा, १९७४

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून हिरू लिहिते. शेजारची शकू वाचून दाखवील.

मी खुशाल हाय. भात रोज मिळतो, पण आपल्या कडावच्या भाताचा वास त्याला नाय.

रेडिओ जोडायच्या कामात जास्त नग करणारीला जादा पैसे मिळायचे. पुढं हात दमले, चुका वाढल्या, पैशाचंही कौतुक सरलं. साहेबांनी विचारलं, "आणखी काय हवं?" मी म्हटलं, "गाऊ द्या." ते हसले आणि हो म्हणाले.

आता आमी ओळीनं बसून आवणीचं, भाताची रोपं लावतानाचं गाणं म्हणतो. कानडी पोरीसुद्धा अर्थ न कळता सूर धरतात. बारीक तारा जोडताना वाटतं, पाय चिखलात हायत, हातात रोपांची मूठ हाय, शेजारी तू वाकलेली. चुकाही कमी झाल्यात.

पण दुसऱ्या कडव्यानंतर आमी अडतो. पुढचं तुलाच येतं गं.

शकू लिहिते, यंदा तू आवणीला उतरली नाय, बांधावरच बसून होतीस. दम लागतो का? बोनस पाठवलाय, कर्जतला डॉक्टरकडं जाऊन ये.

कडवं शकूला लिहायला सांगू नको. गौरीला मी येते, तुझ्याच तोंडून शिकते. तोवर ते तुझ्यापाशीच जपून ठेव.

तुझी
हिरू