धारेनंतरची पेंड

दुधाळी, कोल्हापूर
२८ जानेवारी २०२५

चि. अनुजास अ. उ. आ.

तारीनं शिंगानं पाटी उलटी केली, पेंड सगळी शेणात. ती तशीच टाकून हात धुतले आणि हे लिहायला बसलो. फोनवर तुझं निम्मं ऐकू येतं, उरलेलं मी मनानं जोडतो. औषधाच्या बाबतीत ते बरं नव्हे.

तू शिरवळहून पाठवलेलं ओव्या-लवंगेचं तेल सांगितल्याप्रमाणे थेंबाथेंबानं पेंडीत कालवतो. म्हशीला वास खपत नाही. पण खरी पंचाईत वेगळीच. आपली रीत तुला ठाऊक आहे: कट्ट्यावर म्हैस उभी करायची, पुढ्यात पेंड ठेवायची, खाता खाता ती पान्हा सोडते, आणि गिऱ्हाईक पेला धरून उभंच. काल पहिला पेला नृसिंह मास्तरांचा. त्यांनी मिशीवरचा फेस पुसला आणि म्हशीला बाळंतिणीचा ओवा चाललाय व्हय, असं सगळ्या कट्ट्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारलं. लोक हसले. दोघं शेजारच्या म्हशीकडं गेले.

तुझा दादा ऋतुराज हसला नाही. तारीचं पोट वरचेवर फुगतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, दूध आटत चाललंय. आता त्या दुधाला वासही. दहा तारखेच्या सोमवारी तिला वडगावच्या बाजारात न्यायची म्हणतो. विकलेल्या जनावराचं दावं आपण घरीच ठेवतो, म्हणून तिच्यासाठी नवी दोरीसुद्धा आणून खुंटीला अडकवली आहे. तुझी काकू त्या खुंटीकडं बघत नाही.

तेल बंद करू का, कळव. माया आहे ती कमी करू नकोस.

तुझा काका,
केरबा


शिरवळ
३१ जानेवारी २०२५

ती. केरबाकाकांस सा. न. वि. वि.

तेल बंद करू नका, वेळ बदला. कट्ट्यावर साधीच पेंड ठेवा. तेलाची पेंड संध्याकाळची शेवटची धार झाल्यावर, घरी. खाल्ल्याचा वास श्वासातून, रक्तातून दुधात उतरतो. मधे रात्र गेली की विरतो. आमच्या पशुवैद्यकीय कॉलेजच्या गोठ्यात आंबोण धारेनंतरच मिळतं, म्हणून मला हे सुचलं नाही. कट्ट्यावर पेले विसळत वाढलेल्या मुलीला सुचायला हवं होतं. मास्तरांना सांगा, बाळंतीण सुखरूप आहे.

वास खपत नसेल तर काकवी घाला. थेंब मात्र वाढवू नका. तिच्या पोटात जिथं वैरण आंबते, तिथं असंख्य बारीक जीव राबतात. काही वैरणीचं सत्त्व काढतात, काही नुसता वायू करतात. तेल त्या वायूवाल्यांना दमात ठेवतं. जास्त झालं तर राबणारेही मरतात. सगळ्याच जनावरांना गुण येतो असं नाही, हेही तुमच्यापासून लपवत नाही. रवंथ करते का आणि शेण बांधून पडतं का, एवढं बघा.

दादाला म्हणावं, सोमवारचं काय ते तारीला ठरवू दे. मला रागवा, पण पत्र पाठवत राहा.

तुमची,
अनुजा


दुधाळी, कोल्हापूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. अनुजास अ. उ. आ.

काकवीची मात्रा लागू पडली. तारी आता पाटी चाटून पुसून ठेवते. दुधाला वास येत नाही, असं गिऱ्हाइकं सांगतात. मास्तर मात्र अजून शेजारच्या म्हशीकडं असतात आणि माझ्याकडं बघून खाकरतात.

या आठवड्यात पोट एकदाच फुगलं, तेही थोडं. दुपारी सावलीत बसून रवंथ करते. दूध वाढलं म्हणावं इतकं वाढलेलं नाही, पण आटायचं थांबलं. काल शेण उचलताना ऋतुराजच थांबला आणि बांधून पडलंय की, एवढं म्हणाला.

पण दोरी अजून खुंटीलाच आहे. उद्या सोमवार. त्यानं टेम्पो सांगून ठेवला होता; तो नको म्हणून कळवलं का, हे विचारायचा मला धीर होत नाही. काकूनं आज तारीला शिंगांपासून खुरांपर्यंत धुतलं. बाजारासाठी की घरासाठी, कोण जाणे. पाकीट उघडंच ठेवतो. तुझ्यावर जीव आहेच.

केरबा

ता. क. सोमवार, सकाळ. मास्तर आपल्याकडं आले. पेला रिकामा करून दुसरा मागितला, आणि ओव्याचं दूध पोटाला बरं होतं, ते बंद का केलं म्हणून भांडले. टेम्पो आला नाही. ऋतुराज नव्या दोरीनं वैरणीचा भारा बांधून घेऊन आला.