एका कवडीचा भाऊ

२ मे १९३४

आज कवडू आला. माझा सख्खा भाऊ, तीस वर्षांनी. आणि मी त्याला कुठे बसवलं? बाहेरच्या बाकावर — जिथे यांचे पक्षकार बसतात!

आत यांचे वकील मित्र चहा घेत होते. एकानं विचारलं, कोण आलंय? मी म्हटलं, "काटोलचा संत्रेवाला." जीभ झडली नाही माझी. दार उघडं होतं, कवडूनं ऐकलं असणारच.

त्यानं बंडीच्या खिशातून फोटो काढला. "रुखमाबाईनं जपून ठेवला होता. तुले ओळख पटावी म्हून आनला." मग काम सांगितलं. पंचवीस तारखेला त्याच्या लेकीचं लग्न आहे. विकलेल्या माणसाला कन्यादान करता येत नाही, असं त्याला वाढवणारी रुखमाबाई म्हणते. आधी त्याच्या घरच्या माणसानं कवडी देऊन त्याला सोडवायचं. चार लोकांसमोर, आपल्या हातानं.

"घरचं मानूस आता तूच हायेस. येशील ना वं, ताई?"

येते म्हटलं. फाटक लागल्यावर सुटल्यासारखं वाटलं. फोटो तो इथेच ठेवून गेला.

३ मे

सकाळपासून फोटो तीनदा ट्रंकेत ठेवला, तीनदा काढला. रंगूनला निघण्याआधी सीताबर्डीवर काढलेला. बाबा लकडगंजात एका सागवानवाल्याकडे दिवाणजी होते, त्यानंच त्यांना तिकडे धाडलं. फोटोत बाबांच्या अंगात उसना कोट. मी आठ वर्षांची, तोंड फुगवलेलं — रिबिन मनासारखी मिळाली नव्हती. कवडू पाच वर्षांचा, आणि बसलाय शेजारच्या रुखमाबाईच्या मांडीवर. आई बाजूला, हात रिकामे.

त्याच्याआधी आईची तीन लेकरं गेली होती. म्हणून हा जन्मला तसा त्याला रुखमाबाईला एका कवडीला विकला. देवाला वाटावं, हा या घरचा नाहीच. राहायचा आमच्याकडेच, नाव तेवढं कवडू पडलं. अशी पोरं तेव्हा गल्लोगल्ली होती, जरा मोठी झाली की आईबाप कवडी देऊन परत घेत. आईला मात्र परत घ्यायचा धीर होईना, आणि तसाच न्यायचाही होईना. "इकलेलं लेकरू समुद्रापार नेलं तं देवाले खरं कयते," म्हणाली. मग रुखमाबाईकडेच ठेवला; पुढे ती त्याला घेऊन काटोलला गेली. दोन वर्षांत येऊ म्हणाले होते.

फोटोनं सगळं वर काढलं. कलकत्त्याचा धक्का, जहाजावरचा डांबराचा वास, पाण्याला हात जोडणारी आई. ती वाटभर धड जेवली नाही. कवडूच्या वाट्याचे लाडू मी खाल्ले. आगगाडीत खिडकीही माझी एकटीची. आनंद झाला होता मला. हे लिहिताना तोंड लपवावंसं वाटतं आहे.

४ मे

रंगूनला कोणी विचारलं की आई सांगायची, "एकच मुलगी." आधी डोळे पुसायची. पुढे पुढे नुसतंच सांगायची. आईबाबा तिकडेच गेले, आणि मी तेच वाक्य सासरी घेऊन आले. नागपुरात परत येऊन वीस वर्षं झाली. काटोल काही रंगून नव्हे! कधी पाय उचलला नाही.

आता यांना काय सांगू, की माझा भाऊ उघड्या पायांनी संत्र्याच्या बागेत राबतो?

१९ मे

आज सांगायचंच ठरवलं होतं. जेवताना तोंड उघडलं. हे म्हणाले, आमटीत मीठ नाही. मी मीठ आणायला उठले. झालं.

२४ मे

लग्न उद्या. मला ताप आहे. म्हणजे घरात तसं सांगितलंय.

आमचा माळी नत्थूजी मागच्या खोलीत राहतो, त्याला काटोलला पाठवलं. सोबत कवडी आणि पोरीसाठी लुगडं. त्याला सगळं सांगावंच लागलं. तो म्हणाला, "तुमीच जा ना, बाईसाहेब. मले काहून धाडता?" मी त्याच्यावर खेकसले.

२६ मे

नत्थूजी आला. पायरीवर बसून सांगितलं.

"रुखमाबाईनं इचारलं, तू याचा कोन लागतं? म्या म्हटलं, बाईसाहेबानं धाडलं. तं म्हने, धाडलेल्याची चालत नाही. ज्याच्या हातानं येईल, त्याचा हा मानूस. मुहूर्त टळून राहिला होता. कवडू वर पाहीना. मंग म्या म्हटलं, मी याचा भाऊ लागतो. अन् देल्ली."

बरं केलंस, म्हटलं. खरंच बरं वाटलं, भानगड मिटली म्हणून. थू माझ्या जिण्यावर.

भाऊबीज

कवडू आला होता. फाटकातून सरळ मागे गेला. नत्थूजीची बहीण जिजाबाई आली आहे, तिनं त्याला ओवाळलं. तो हसत होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभी होते.

मागे एवढी गडबड कसली, असं हे विचारत होते.

म्हटलं, नत्थूजीचा भाऊ आलाय.

खोटं नव्हतं.