आईच्या मापाची साइडकार

॥ श्री ॥
पोलादपूर, ता. ३ नोव्हेंबर १९६८

ती. स्व. हैबतीदादास,

महिपतीचा शि. सा. न. वि. वि. पत्रास कारण की, इकडे सगळे खुशाल आहेत, एक आई सोडून. पाऊस सरल्यापासून तिची उजवी बाजू आणखीच लुळी पडली आहे. बसवली की उजवीकडे कलते आणि घसरते. जीभ मात्र शाबूत. काल साळूला म्हणाली की सूनबाई, तुझ्या आमटीनं माझी जीभ पण लुळी पडंल.

तिनं एकच धोशा लावलाय. महाडजवळच्या सवला जाऊन तिथल्या गरम कुंडात एकदा अंग शेकायचं, आणि तेही हैबती बरोबर असताना. एसटीत तिला बसवत नाही. डोली करतो म्हटलं तर भडकली. म्हणाली, चौघांच्या खांद्यावर मी एकदाच जायाची हाय, दोनदा नाय.

म्हणून माझ्या लिलावातल्या मिलिटरी मोटारसायकलीला साइडकार जोडायची ठरवली आहे. सांगाडा मिळाला, पण वरचं अंग पार सडलेलं. पत्र्याचं केलं तर ही म्हातारी गाडी चढावर दम टाकेल. तुझ्या कारखान्यात काचेच्या कापडावर रस चोपडून होड्या करतात ना? होडी होते तर आईची सीट का होऊ नये? थोडं सामान पाठव आणि पुष्कळ अक्कल पाठव. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
महिपती

॥ श्री ॥
माझगाव, मुंबई, ता. १४ नोव्हेंबर १९६८

चि. महिपतीस अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. आईचं वाचून जेवण गेलं नाही. आपल्या वाडीचा चांगू ट्रक घेऊन येतोय, त्याच्याबरोबर काचेच्या कापडाचे तुकडे, त्या रसाचा म्हणजे रेझीनचा डबा आणि तो घट्ट करणाऱ्या हार्डनरची बाटली पाठवतो. उरलेला माल घरी नेतो म्हटल्यावर साहेब हसला, पण दिला.

हार्डनर बेतानं घाल. जास्त झालं तर रेझीन तापून तडकतं, कमी झालं तर चिकट राहतं. साच्याला आधी मेणाचं पॉलिश चोळ, नाहीतर वस्तू साच्यातून सुटणार नाही. काचेची कुसं अंगात शिरतात, तेव्हा उघड्या अंगानं कामाला बसू नकोस. आणि आधी काहीतरी लहान करून हात बसव. आईवर एकदम प्रयोग नको.

नाताळात येतोच आहे. आईला माझा नमस्कार सांग, आणि साळूच्या आमटीला नावं ठेवू नको म्हणावं. ममता कायम असू द्यावी.

हैबती

॥ श्री ॥
पोलादपूर, ता. २० डिसेंबर १९६८

ती. स्व. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि ऐकलंही नाही. आधी ढोरांच्या डॉक्टरांच्या मोटारसायकलीचा मडगार्ड करायला घेतला. त्यांचा आंबेनळी घाटात आपटून फुटला होता. रेझीन हाताला लागलं तसं वाटलं, हा तर फणसाचा चीक! फणस कापताना लावतो तसं हातालाही खोबरेल लावलं आणि साच्यालाही. मडगार्ड साच्याला असा चिकटला की छिन्नीनं फोडून काढावा लागला. साळू अजून हसते आहे. मग मुकाट्यानं तुझं पॉलिश लावलं, आणि दुसरा असा सुटला की काय सांगू! डॉक्टर तो बोटांनी वाजवून गावभर दाखवत हिंडताहेत. महाडहूनही एक जण विचारून गेला.

आता आईची सीट. मोठ्या टोपलीत सावित्रीच्या काठची चिकणमाती मळून भरली, वर तिचं जुनं लुगडं अंथरलं आणि तिला त्यात बसवली. साळूनं डावीकडून धरली, मी उजव्या खांद्याखाली माती चढवत गेलो, ती सरळ होईपर्यंत. म्हणाली, गणपतीवानी माझी मूर्ती करतोस काय रं? उचलून घेतली तेव्हा मातीत तिची पाठ, तिची मांडी आणि खांद्याची खोबण जशीच्या तशी उठली होती. ती माती आता सावलीत सुकते आहे. सुकली की काचेचे थर.

तू येशील म्हणून आईनं तांदळाच्या पापड्या करायला लावल्यात. लवकर ये. तुझ्या वाटेकडे डोळे लागलेत.

महिपती

॥ श्री ॥
माझगाव, ता. २ जानेवारी १९६९

चि. महिपतीस अनेक आशीर्वाद.

नाताळात येणं जमलं नाही. होड्यांचं मोठं काम निघालं आणि सगळ्यांच्या रजा कापल्या. आई रुसली असेल. पण शिमग्याची रजा साहेबांनी कबूल केली आहे, यात बदल नाही.

एक चूक झालीय तुझी. माती सुकताना आकसते. सीट आईच्या अंगाहून लहान निघेल आणि तिला रुतेल. थर चढवले नसतील तर तिला दुलई गुंडाळून पुन्हा नव्या मातीत बसव.

आईला निक्षून सांग, मी आल्याशिवाय सवला जायचं नाही. तिला कुंडात मी उतरवणार. सर्वांवर जीव आहेच, तुमचाही असू द्या.

हैबती

पोलादपूर, ता. ११ फेब्रुवारी १९६९

दादास,

वर श्री घातलेला नाही. तार मिळून तू निघालाही असशील. हे पत्र तू इथून परत जाशील तेव्हा तुला मिळेल. पण तोंडानं मला हे सांगता येणार नाही, म्हणून लिहितो.

तुझं मागचं पत्र आलं तेव्हा थर चढून झाले होते. सीट दोन बोटं लहानच निघाली. मी कपाळाला हात लावला. पण आईला उचलून आत ठेवली तर ती नेमकी बसली. कुठे रुतली नाही, कुठे सैल नाही. माती आकसली तेवढीच आईही आकसली होती. मला रडू आलं. तिला वाटलं, काम फत्ते झालं म्हणून रडतोय.

वर्षानं पहिल्यांदा ती आधाराशिवाय सरळ बसली. मग रोज सकाळी म्हणायची, मला त्यात ठेव आणि तोंड रस्त्याकडं कर. साइडकार तयार होती. मी तीनदा म्हटलं की चल, सवला नेतो. ती म्हणायची, हैबतीनं सांगितलंय, तो आल्याबिगर नाय. मुंबईची एसटी दिसली की मान उंचावायची.

परवा साळू पेज घेऊन गेली. बराच वेळ तिच्याशी बोलत होती. आई कललीही नव्हती, घसरलीही नव्हती. मी सीट इतकी चांगली केली होती दादा, की आई गेलेली साळूला कळलंच नाही.

तुझ्यासाठी थांबता आलं नाही. खांद्याला मी, येसाजीकाका, भागोजी आणि चांगू, असे चौघे होतो.

महिपती

माझगाव, ता. २८ फेब्रुवारी १९६९

चि. महिपतीस आशीर्वाद.

तेराव्याहून आलो तो तुझं पत्र दारात पडलेलं. बरं केलंस लिहिलंस. सवला मी आल्याशिवाय जाऊ नका, हे माझेच शब्द. ते मी आता कुठे ठेवू?

महाडचा तो माणूस साइडकार विकत मागतोय म्हणालास. देऊ नकोस. त्याला हवी तर नवीन करून दे, सामान मी पाठवतो. शिमग्याची रजा तेराव्यातच सरली. पाडव्याला एक दिवस मिळेल. तू साइडकार जोडून ठेव. आपण दोघे सवला जाऊ. मी तुझ्या मागे बसेन. सीट रिकामी राहू दे.

तेराव्याहून निघायच्या आधी मी त्या सीटमध्ये बसून पाहिलं. तू परड्यात होतास. मी मावलो नाही. नुसता कडेला टेकून वाकलो, तर तू मातीत केलेल्या त्या खोबणीत माझा उजवा खांदा गेला. तिचा टेकायचा तिथेच. चौघांत नसलेला खांदा तो, महिपती. बराच वेळ मी तो तिथून काढला नाही.

साळूला सांभाळ. दोघे राहिलो आहोत, माया धरून राहू.

तुझा दादा